करंजखेड्याच्या रणगाड्यानं मान वळवली

१

रणगाडा चोरीला गेला असता तर रागिणीला एक वेळ चाललं असतं. चोरीला कलम असतं, पंचनामा असतो, आणि चाळीस टन लोखंड पदराखाली झाकून कुणी फार लांब जात नाही. पण करंजखेड्याचा रणगाडा जागच्या जागी होता. फक्त त्याची तोफ काल संध्याकाळी जिकडं तोंड करून होती, तिकडं आज सकाळी नव्हती.

"मॅडम, तोफेनं मान वळवली," हवालदार रामजी फोनवर म्हणाला होता. "पुंजाजीच्या घरावर रोखून राहिली."

"कुणी वळवली?"

"कुणीच न्हाई. आपोआप."

सहायक पोलीस निरीक्षक रागिणी कऱ्हाळे यांची आज रजा होती. खालची दाढ आठवडाभर ठणकत होती आणि वसमतच्या दातांच्या डॉक्टरनं मोठ्या उपकारानं आजची वेळ दिली होती. ती वेळ गेली चुलीत. तिनं गालावर हात ठेवून जीप काढली आणि शिरड शहापूरच्या रस्त्याला लागली. दोन्हीकडं हळदीची रानं पिवळी पडली होती. त्यांच्याकडं बघायचीसुद्धा तिला इच्छा नव्हती.

चौकात जत्रा भरली होती. मधोमध ओट्यावर तो रणगाडा, बुटका, रुंद, ताज्या हिरव्या रंगात न्हालेला, पालथ्या कढईसारखं डोकं आणि त्यातून निघालेली वीस फुटांची नळी. दोन महिन्यांमागं फौजेनं हा दिला होता, करंजखेड्याच्या शिवहारच्या आठवणीसाठी. शिवहार रणगाड्यावर ड्रायव्हर होता आणि तीन वर्षांपूर्वी वाळवंटातल्या सरावात गेला. आज दुपारी चारला कर्नलसाहेबांच्या हस्ते लोकार्पण होतं. मांडव पडला होता, खुर्च्या आल्या होत्या, आणि तोफ भलतीकडंच बघत होती.

गावात पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकजण रात्रीतून रणगाड्यातला जाणकार झाला होता. एकजण म्हणाला, ह्याला रिमोट असतो. दुसरा म्हणाला, उपग्रहावरून फिरवतात. रामजीनं तर मोबाईलच पुढं केला. "हे बघा मॅडम, नव्या रणगाड्याची तोफ दुश्मनाला स्वतः हुडकते."

"मग पुंजाजी दुश्मन आहे का?"

रामजीनं मोबाईल खिशात घातला.

रागिणी धुसफुसत वर चढली. वरती दोन झाकणं, पुढच्या उतारावर एक. गावात आणल्यावर कुणी पोर आत जाऊन अडकू नये म्हणून तिन्ही वेल्डिंग करून बंद केलेली. वेल्डिंगवर कालचाच रंग होता आणि त्याला केसाएवढीही चीर नव्हती. समोरच्या घराच्या उंबऱ्यात शिवहारची आई, चंद्रभागाबाई, सुपात तूर घेऊन निवडत बसली होती. सगळा गाव तोफेकडं बघत होता आणि ही बाई तुरीकडं.

रागिणी खाली उतरली. आत कुणी गेलं नव्हतं, जाऊच शकत नव्हतं. आणि गावातला जो तो छातीठोक सांगत होता की ही तोफ फिरवायची तर आतूनच फिरवावी लागते.

२

स्मारक समितीचे अध्यक्ष माजी सरपंच नामाजी. त्यांनी ग्रामपंचायतीत तिला खुर्ची दिली आणि वर साखरेचा पाक म्हणावा असा चहा दिला. पहिल्या घोटाला दाढेतून कळ डोक्यात गेली.

"आमी ठरावच केला होता मॅडम," नामाजी म्हणाले. "तोफेचं तोंड चंद्रभागाबाईच्या दाराकडं. येता-जाता आईला सलामी. असा मान जिल्ह्यात कुण्या आईला भेटला न्हाई."

"त्यांना विचारलं होतं?"

"त्यात विचारायचं काय? मान हाय तो."

"बरं. आणि आता?"

"आता तोफ पुंजाजीच्या घराकडं. तिकडली पोरं म्हणून राहिलीत, आमच्या वस्तीवर तोफ रोखली, गुन्हा घाला. इकडली पोरं म्हणून राहिलीत, तुमीच फिरवली, कार्यक्रम नासवायला. चार वाजेपर्यंत डोकी फुटतील. तुमी गुन्हा घालाच."

"कुणावर?"

नामाजींनी शेजारी बसलेल्या दत्तप्रसादकडं बघितलं. हा गुत्तेदार. ओटा ह्यानं बांधला, रंग ह्यानं दिला, वेल्डिंग ह्याचं. बोलताना तो सारखा रुमालानं मान पुसत होता आणि जानेवारीतल्या सकाळी असा घाम रागिणीला आवडला नाही.

"वरचं डोकं फिरू नये म्हणून खालच्या अंगाशी पक्कं जोडायचं ठरलं होतं ना?" तिनं विचारलं.

"जोडलं की. पक्कं."

"मी आत्ताच खाली वाकून बघून आले. बोटभर टाके, दोनच. दोन्ही तुटलेत, आतलं लोखंड चकाकतंय. चहूबाजूंनी पट्टी मारायची सोडून तुम्ही वाकळेला घालतात तसे टाके घातले?"

दत्तप्रसादनं रुमालात तोंड घातलं. "पण मॅडम, टाके नसते तरी बी ते हालत न्हाई. आत गिअर हाय. आलं त्या दिवशी आमी धाजणांनी डोक्याला खांदा लावून ढकललं होतं. जागचं सरकलं न्हाई. ईचारा ह्यांला."

"बराबर," नामाजी म्हणाले. "ते बाहेरून फिरत न्हाई. आतली युगत माहीत पाहिजे. अन् युगत माहीत असणारा गावात एकच माणूस हाय, मॅडम. परवाच सुट्टीवर आला."

"कोण?"

"पुंजाजीचा रत्नपाल. तो रणगाड्यावरच तोफ चालवतो."

३

हे चांगलं होतं. म्हणजे एका पोरानं आपल्याच बापाच्या घरावर तोफ रोखायची. रागिणीला ते पटत नव्हतं, पण न पटणाऱ्या गोष्टी करणारी माणसं तिनं सेवेत इतकी बघितली होती की तिनं पटण्यावर भिस्त ठेवणं सोडलं होतं.

रत्नपाल ओसरीवर उभा होता, केस बारीक कापलेला, पाठ ताठ. रागिणी म्हणाली, "मला समजेल असं सांग. व्हिडिओतलं सांगू नको, ते रामजीनं वाटेत पुरेपूर ऐकवलंय."

तो आतून ताट, वाटी आणि लाटणं घेऊन आला. ताटात वाटी पालथी घातली, वाटीला लाटणं टेकवलं.

"ताट म्हणजे गाडीचं अंग. वाटी म्हणजे वरचं डोकं, टरेट. आत माणसं तीनच. वाटीत दोघं, तोफेच्या डाव्या अंगाला गनर, उजवीकडं कमांडर. गोळा भरायला चौथा माणूस लागत न्हाई. खाली गोल चक्रात गोळे मांडलेले असतात, यंत्रच उचलून भरतं. म्हणून गाडी बुटकी राहते. बुटकी गाडी दुश्मनाला लवकर दिसत न्हाई. पण मग आत माणसाला जागा उरत न्हाई."

"आणि तिसरा?"

"ड्रायव्हर. तो वाटीत नसतो. तो पुढं, खाली, एकटा. त्याचं झाकण बराबर नळीखाली येतं." त्यानं लाटणं बोटानं थोडं बाजूला सारलं. "नळी झुकलेली असली तर ते झाकण उघडतच न्हाई."

"आणि ही नळी फिरते कशी?"

इथं रत्नपालच्या डोळ्यांत चमक आली. चालती गाडी खाचखळग्यातून नाचत जाते तरी तोफ निशाणावरून ढळत नाही, असं तो म्हणाला. गाडी डुलली की यंत्र नळीला उलटं डुलवतं. पळत्या गाडीतून कोसभरावरचं पळतं निशाण उडवता येतं. अंधारात माणसाच्या अंगाची ऊबसुद्धा पडद्यावर पांढरी दिसते. लेझर अंतर सांगतं, संगणक वारा धरून हिशोब करतो, गनर फक्त बटण दाबतो.

"मग सगळं छानच आहे की."

"करंट हाय तोवर. करंट गेला की हातानं चक्री फिरवायची. फिरवून फिरवून खांदे जातात तेव्हा टरेट हाताएवढं सरकतं."

"आपल्या ह्या रणगाड्यात करंट आहे?"

"न्हाई. इंजिन काढलंय, बॅटरी काढलीय, तोफेचा मागचा भाग बी काढून नेला. नुसतं खोकं हाय."

"म्हणजे राहिली चक्री. आणि चक्री आत."

"व्हय."

"आणि गावात ती चालवता येणारा तू एकटा."

रत्नपालनं ताटातली वाटी उचलून सरळ ठेवली. मग म्हणाला, "मीच फिरवली मॅडम. लिहून घ्या."

४

कबुलीजबाब मिळाला की पोलिसाला बरं वाटतं म्हणतात. रागिणीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आत कुठून गेलास?"

"कमांडरच्या झाकणातून."

"वेल्डिंग जसंच्या तसं आहे."

"मग... तळाला एक झाकण असतं. संकटात निघायला."

"त्याच्याखाली दत्तप्रसादनं विटा-सिमेंटचा ठोकळा बांधलाय, मी पालथी पडून बघितलं. त्या माणसानं आयुष्यात एकच काम पक्कं केलं आणि ते नेमकं तिथं. अजून एखादं झाकण आहे का? असलं तर तेही सांगून टाक."

त्यानं वाटी परत ताटात पालथी घातली.

"गुन्हा दाखल झाला, फौजेला कळवलं, तर तुझी नोकरी राहील का?"

"न्हाई राहायची."

"हे माहीत असून खोटं बोलतोस? रणगाड्याचा माणूस रणगाड्याबद्दल इतकं ढोबळ खोटं बोलतो, म्हणजे खरं त्याला माहीत आहे. कुणाला झाकतोस?"

रत्नपाल भिंतीकडं बघत राहिला. दगडाला पाझर फुटेल, ह्याला नाही, असं म्हणून रागिणी त्याला घेऊनच चौकात आली. मांडववाल्याची शिडी नळीच्या टोकाला लावायला सांगितली आणि सगळ्या गावासमोर साडीचा काष्टा घातल्यासारखी पँट वर ओढून चढली. दाढ ठणकत होती. खालून कुणीतरी मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढत होतं.

नळीच्या टोकाशी कालचा रंग हातभर खरवडल्यासारखा दबला होता आणि त्यात बारीक तपकिरी धागे चिकटले होते. तिनं एक उपटून हुंगला. तागाचा होता. पोत्याचा.

पोतं कशाला? दोर बांधला तर रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून आधी पोतं गुंडाळलं. म्हणजे ज्यानं हे केलं त्याला ना कार्यक्रम नासवायचा होता, ना कुणाला धमकावायचं होतं. त्याला ह्या रणगाड्याची काळजी होती. ओल्या रंगानं त्याची काळजी धरून ठेवली होती.

"रत्नपाल," तिनं वरूनच विचारलं, "झाडीतून जाताना ही नळी झाडाला अडकली तर? गिअर तुटतो?"

त्यानं मान खाली घातली. खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं असावं. "तुटत न्हाई. घसरतो. तसाच बनवलेला असतो."

"थ्रेशरमध्ये दगड आला की पट्टा घसरतो, तसा."

"तसाच."

"पण आमी धाजणांनी ढकललं होतं मॅडम," दत्तप्रसाद गर्दीतून म्हणाला. "घसरलं न्हाई."

"कुठं खांदा लावला होता? डोक्याला. अहो, जात्याचा खुंटा मधल्या भोकाजवळ ठोकला तर तुमची बायको दळू शकेल का? खुंटा कडेला असतो. ह्या जात्याचा खुंटा वीस फूट लांब आहे, आणि तुम्ही त्याला सोडून जात्यालाच मिठ्या मारत बसलात."

लोक हसले. रागिणी हसली नाही. ती शिडीवरून उतरता उतरता पुढचं जुळवत होती. टोकाला पोतं, पोत्यावर दोर, दोराला ओढ. माणसं लावली असती तर चार तोंडं, आणि चार तोंडांची गोष्ट करंजखेड्यात न्याहारीपर्यंत टिकत नाही. ट्रॅक्टर लावला असता तर मांडवात झोपलेली पोरं उठली असती. मग आवाज न करता ओढणारं काय उरतं?

"रामजी, गावात बैल किती जणांकडं राहिलेत?"

रामजीला पहिल्यांदाच मोबाईलशिवाय उत्तर आलं. "जोड्या दोनच मॅडम. बाकी सगळ्यांनी विकल्या. एक नामाजीरावांची, पण त्यातला धवळ्या पोळ्यापासून लंगडून राहिला. अन् दुसरी..."

तो थांबला, आणि चोरट्या नजरेनं रत्नपालकडं बघू लागला.

"दुसरी ह्याच्या बापाची," तो म्हणाला.

५

पुंजाजी हळदीच्या रानात बांधावर बसले होते. बैल बाभळीखाली रवंथ करत होते. एका खोंडाच्या शिंगाला हिरवा रंग लागला होता, तो पुसायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

"जय भीम, मॅडम. बसा."

"जय भीम, काका. बसायला वेळ नाही. तुमचा मुलगा तोफ फिरवली म्हणून कबूल झालाय."

म्हातारा उभा राहिला. पागोटं हातातच राहिलं. "कोण? रत्नपाल? त्याचा काय संबंध?"

"फौजेत तोफ चालवतो, हाच संबंध. नामाजींनी नाव घेतलं आणि ह्यानं मान डोलावली. तुम्हाला झाकायला. घरात हिरवा रंग लागलेलं पोतं बघितलं असेल त्यानं."

"आरं माझ्या कर्मा," पुंजाजी म्हणाले आणि पुन्हा बसले. "मला वाटलं, लोक दोन दिवस बोंबलतील अन् गप बसतील. फौजेतल्या पोरावर जाईल हे डोक्यातच आलं न्हाई. लिहा मॅडम. मी फिरवली. तांबडं फुटायच्या आधी, ह्या जोडीनं. एका हिसक्यात टाके तुटले, मग जात्यासारखी हळूहळू फिरत आली."

"आणि आपल्याच घरावर आणून ठेवली?"

"मग कुणाच्या घरावर ठेवू? तिथून फिरवली की कुणाच्या ना कुणाच्या दारात जाणारच. लोक दाराला वेध मानतात, दारासमोर खांब बी चालत न्हाई त्यांला. मी तसलं काही मानत न्हाई. म्हणून माझ्या दारात."

बैल लावून तोफ वळवणाऱ्या ह्या सरळ माणसावर रागिणीला संतापही येईना. सबंध गाव म्हणत होता, पुंजाजीवर तोफ रोखली. तोफ पुंजाजीनंच बोलावून घेतली होती.

"हे झालं कसं. आता का ते सांगा."

"ते न्हाई सांगणार."

"काका, माझी दाढ दुखतेय, चारला कर्नल येतोय, तुमचा मुलगा आणि तुम्ही दोघंही तुरुंगात जायला उतावीळ झालात. का?"

"मी शब्द दिला हाय," पुंजाजी म्हणाले. "सांगितलं तर बी रत्नपालचीच नोकरी जाईल. न सांगितलं तर निदान माझ्यावर जाईल. मला घ्या अन् त्याला सोडा."

ह्यापुढं त्यांनी तोंड उघडलं नाही. बांधावरून परत येताना रागिणीनं आख्ख्या करंजखेड्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. खरं सांगायला निघालेला माणूस तिला सकाळपासून एकही भेटला नव्हता, आणि खोटं बोलणारा जो भेटला तो दुसऱ्यासाठी बोलत होता.

शब्द दिला होता. कुणाला?

६

तोफ कुठं गेली हे सगळे बघत होते. कुठून गेली, हे कुणी बघत नव्हतं. चंद्रभागाबाईच्या दारातून.

रागिणी जाऊन त्यांच्या उंबऱ्यात बसली, बिनबोलावता. "मावशी, पाणी मिळेल?"

पाणी आलं. शेजारची गोजरबाई कुंपणावरून म्हणाली, "आज पुढलं दार उघडलं व्हय चंद्रभागा? दोन महिने मागल्या दारानं ये-जा चालली होती तिची, मॅडम. म्या म्हणलं, काहून गं, तर म्हणे बिजागरी मोडली."

बिजागरी चांगली होती. रागिणीनं तांब्या खाली ठेवला आणि त्या बाईच्या नजरेनं समोर बघितलं.

रणगाड्याचं नाक बरोबर ह्या दारासमोर होतं. उतरत्या लोखंडावर मधोमध ते गोल झाकण, आता मोकळं, उन्हात हिरवं चमकत असलेलं. काल संध्याकाळपर्यंत त्याच्यावर नळी होती. तिला रत्नपालचं लाटणं आठवलं. झुकलेली नळी, आणि खाली एकटा बसणारा माणूस.

"शिवहार ड्रायव्हर होता ना मावशी?"

चंद्रभागाबाईचे हात सुपात थांबले.

"त्याला बाहेर निघता आलं नाही," रागिणी हळू म्हणाली. "नळी झाकणावर आली होती."

म्हातारीनं रडणं बिडणं काही केलं नाही. पदरानं सूप झाकलं. "फौजेच्या साहेबांनी सांगितलं, जागीच गेला, तकलीफ झाली न्हाई. मला पटलं न्हाई. रत्नपाल त्याच्याच पलटणीत होता, दुसऱ्या गाडीवर. त्याला म्या शिवहारची आण घातली. तवा सांगितलं त्यानं. गाडी चरात तोंडघशी पडली, आग लागली, करंट गेला. वरले दोघं निघाले. ह्याचं झाकण तोफेखाली. तळाचं झाकण वाळूत. हाका मारत व्हता म्हणे."

रागिणीनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला.

"अन् ह्यांनी ती तोफ तशीच माझ्या दारात आणून ठेवली, त्याच्या झाकणावर. मान म्हणे. दार उघडलं की तेच, म्हणून मागल्या दारानं ये-जा केली. दोन महिने कळ काढली. मग पुंजाजीदादाला म्हणलं, दादा, तेवढी नळी बाजूला करा. माझ्या लेकराला निघायला जागा करा."

"हे कर्नलांना सांगूया. ते समजून घेतील."

"अन् त्यांनी इचारलं, तुला आतली गोष्ट कुणी सांगितली? रत्नपालची नोकरी जाईल बाई. माझं एक गेलं, आता पुंजाजीदादाचं न्हाई जाऊ देणार. तुमाला बी आण हाय."

म्हणजे झालं. आता तिलाही आण. गावातल्या प्रत्येकानं दुसऱ्याच्या तोंडाला कुलूप घातलं होतं आणि सगळ्या किल्ल्या रत्नपालच्या नोकरीत अडकल्या होत्या. आणि बाहेर नामाजी ओरडून सांगत होते की जेसीबी आलाय, साहेब यायच्या आत तोफ पुन्हा जागेवर घ्या.

७

जेसीबीचा दोर बांधून होतो न होतो तोच कर्नलांची गाडी आली. उंचीला बेताचा, पिकल्या मिशांचा माणूस. उतरल्याबरोबर त्यांची नजर तोफेवर गेली.

"टरेट कुणी फिरवलं?" त्यांनी विचारलं.

नामाजी पुढं सरसावले. "साहेब, माफी असावी. आमच्यातलाच एक फौजी, रत्नपाल. कबूल झालाय. मॅडम गुन्हा दाखल करून राहिल्या."

कर्नलांनी रत्नपालकडं बघितलं. तो सावधानमध्ये उभा राहिला. पुंजाजी गर्दीतून पुढं येऊन ओरडले, "त्यानं न्हाई, म्या." लगेच दोन्हीकडची पोरं एकमेकांवर धावायला निघाली. रामजी मधे पडला आणि टोपी हरवून बसला. रागिणीला त्या क्षणी खरोखर वाटलं की सगळ्यांना एका दोरानं बांधावं आणि जेसीबीला जोडावं.

"गप्प बसा सगळे," ती म्हणाली. "साहेब, फिरवलं ते ह्यांनी, बैलांनी. मुलगा खोटं बोलतोय. का फिरवलं ते मला माहीत आहे, पण सांगायची मला परवानगी नाही."

"परवानगी? कुणाची?"

चंद्रभागाबाई उंबरा उतरून आल्या. चौक आपोआप शांत झाला. त्या कर्नलांसमोर उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर नीट केला.

"माझी. म्या फिरवायला लावली. माझ्या लेकराच्या झाकणावर तोफ व्हती, साहेब. तशीच, त्या दिवशीसारखी. मला बघवत न्हवतं."

कर्नलांचा चेहरा बदलला. मग अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "ताई, त्या दिवशीचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

पुंजाजींनी डोळे मिटले होते.

"कुणी सांगायला कशाला पाहिजे?" चंद्रभागाबाई म्हणाल्या. "माझ्या दारात या, साहेब. उंबऱ्यात बसा अन् बघा. तुमी दोन महिने माझ्या डोळ्यांसमोर ठेवलं ना. म्या अडाणी हाय, पण ड्रायव्हर कुठं बसतो अन् त्याच्या डोक्यावर काय येतं, हे दिसतं मला. आईला दिसतं."

कर्नल खरंच गेले. बूट काढून उंबऱ्यात बसले, जिथं सकाळी चंद्रभागाबाई तूर निवडत होत्या तिथं, आणि समोर बघत राहिले. नामाजी काहीतरी बोलायला गेले तर रागिणीनं त्यांना हातानं अडवलं. परत आले तेव्हा साहेबांनी रत्नपालकडं नजरसुद्धा वळवली नाही. ज्याला काही विचारायचं नसतं त्याच्याकडं माणूस मुद्दामच बघत नाही.

"ऑफिसर," ते रागिणीला म्हणाले, "फौजेची काही तक्रार नाही. तोफ आहे तिथंच राहील. आणि ते पुढचं झाकण. वेल्डिंग कापायला माणूस आहे इथं?"

दत्तप्रसाद मशीन घेऊन धावला. ठिणग्या उडाल्या, धूर झाला. रत्नपालनं बिगीबिगी वर चढून झाकण उचललं, बाजूला सरकवलं. मग हात देऊन चंद्रभागाबाईला वर घेतलं. त्या वाकून आत बघत राहिल्या. आत एक पत्र्याची बैठक होती, गुडघ्यांना लागून दोन दांडे, आणि अंधार.

"एवढीच जागा?" त्यांनी विचारलं.

"व्हय काकू. एवढीच."

त्यांनी झाकणाच्या कडेवरून हात फिरवला, आतून, जिथं हात लावून तो ढकलत असेल तिथं. मग मागं सरकल्या.

"आता हे लावू नका," त्या म्हणाल्या.

"पण आत पाऊसपाणी जाईल की," दत्तप्रसाद खालून म्हणाला. "गंजून जाईल समदं. नाहीतर म्या एक पत्रा..."

"दत्तप्रसाद," रागिणी म्हणाली, "तोंड बंद कर."

"जाऊ दे पाणी," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "उघडंच राहू दे."